धूसर, पण वेळेवर

खेळ बनवणाऱ्यांनो, लोसाचं नाक तुम्ही कापलंत. ऑकलंडहून तिच्या मुलानं मोठा टीव्ही धाडला आणि तेव्हापासून शेजारच्या घरातून खेळणारी धाकटी बहीण ताला तिला गोळीबाराच्या खेळात हरवू लागली. भिंती नसलेल्या सामोअन घरांतून टोमणा थेट यायचा: “ताई, म्हातारी झालीस. नारळ खवत बस.” आज लोसानं कन्सोलची सेटिंग उघडली. मोठा टीव्ही दिसताच तुम्ही परस्पर चित्र रेखीव केलं होतंत, पण त्यापायी सेकंदाला साठऐवजी तीसच चित्रं दाखवत होतात, म्हणून बंदूक बोटामागून रेंगाळत वळायची. तालाच्या जुन्या टीव्हीवर मात्र साठ. लोसानं रेखीवपणा घटवला. झाडं धुरकट झाली, पण बंदूक बोटाबरोबर वळली. पहिल्याच गोळीत ताला आडवी. “ताई, काय केलंस?” ताला ओरडली. “काही नाही गं. कोको उकळलाय, ये प्यायला,” लोसा खुशीत म्हणाली. लोसाला न विचारता हे ठरवलंत कसं? उत्तर द्या.