चारही बाजूंनी बंद

मामेबहिणीला या ऑफिसात मीच चिकटवलं, आणि आता साहेब माझ्यासमोर तिचे गोडवे गातात.

आमचं काम तसं सरळ आहे. तेलविहिरीत पंपाने पाणी दाबतात, मग पंप थांबवतात, आणि दाब कसा उतरतो त्या आकड्यांवरून आम्ही कॉम्प्युटरवर खालच्या खडकाचं मॉडेल बसवतो. मला आठवडा लागतो. तिचं जेवणाच्या सुट्टीआधीच बसतं, तेही गुणगुणत!

तिची फजिती करायचीच, म्हणून काल मी केबिनचं दार लावून मनचे आकडे रचले आणि नसलेल्या विहिरीच्या नावावर तिला पाठवले. म्हटलं, बस आता डोकं धरून.

आज सकाळी मी केबिनमध्ये येऊन दार लावलं, तोच तिचा फोन.

“दादा, बसलं रे मॉडेल. एक आकडा इकडचा तिकडे नाही.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “मग काय निघालं?”

“खडक नाहीच. इवलीशी जागा आहे, चारही बाजूंनी बंद. दहा फूट बाय आठ. एका कोपऱ्यात खांब असावा.”

मी कोपऱ्यातल्या खांबाकडे पाहिलं.

“मॉडेल पुढे चालवून पाहिलं, तर पंप परत सुरू होतो. आज.”

माझ्या कानांना दडे बसले. दार आत उघडतं. मी मूठ धरून ओढलं, पण आतून कुणी रेटून धरावं तसं ते चौकटीत घट्ट बसलं होतं.

“दादा?” ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता गुणगुणायला लागली.