धुराड्याचा सांधा

जुना चुना खरवडताना बहिरूला थोरल्या भावाच्या बोटांचे ठसे सापडले. नथूने हा सांधा चार पावसाळे हाताने चुना दाबून भरला होता. बहिरूने मन घट्ट करून छिन्नी चालवली.

लोणावळ्यातला हा वकीलसाहेबांचा बंगला. वर पन्हळी पत्रा आणि त्यातून डोकं काढलेलं विटांचं उंच धुराडं. पत्रा उन्हाने ताणतो, गारठ्याने आखडतो. वीट बापडी जागची हलत नाही. मग मधला चुना तडकणार नाही तर काय होईल? चौतीस सालच्या आषाढात तो असाच तडकला. घरात पाहुणे होते आणि भिंतीवर ओल उतरली, म्हणून साहेबांनी त्याच दिवशी नथूला बोलावलं. तो भर पावसात चढला, पत्र्यावरून घसरला आणि खालच्या फरशीवरच गेला.

त्यांच्या गावात, कुरवंड्यात, लोक म्हणाले, नथूचं कामच कच्चं होतं. हे बहिरूच्या फार जिव्हारी लागलं. गुडघे दुखत होते, चढउतार नकोशी झाली होती, तरी पुढच्या उन्हाळ्यात तो आपणहून आला. सांधा पुन्हा गळला तर ओल्या पत्र्यावर कुणाला तरी चढावंच लागणार, आणि तो कुणीतरी म्हणजे आता बहिरूच.

या वेळी त्याने नुसत्या चुन्यावर भिस्त ठेवली नाही. पत्र्याच्या वीतभर वर, दोन विटांमधल्या दरजेत खाच पाडली. शिशाच्या पत्र्याची वरची कड तीत ठोकून बसवली आणि खालची कड पन्हळींवर मोकळी सोडली. छप्पर हललं तर खुशाल हलू दे. धुराड्याच्या तोंडावर फरशी बसवलेली होती. पावसासाठी झाकलं असेल, म्हणून त्याने तिला हात लावला नाही. या कामात आठ दिवस गेले.

नथूची बायको चिंगी रोज भाकर घेऊन येई आणि खाली बसून राही. एकदाच तिने विचारलं, "भावजी, ह्ये धुराडं लागतंय कशाला त्यास्नी?"

"आत जाळ करत्यात, वैनी. शहरातली लेकरं, हितला गारठा सोसत न्हाई. शेकत बसत्यात."

ती बराच वेळ वर बघत राहिली. "मंग लेकरांच्या उबंपायी गेले म्हनायचं," ती म्हणाली. त्या दिवसापासून तिच्या पोटात दोन घास जाऊ लागले.

आषाढात तीन दिवस नुसता कोसळत होता. चौथ्या सकाळी बंगल्याचा माळी दत्तोबा कुरवंड्याला आला. साहेबांनी लगेच बोलावलं होतं. कशाला, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. चिंगीने दोर आणून बहिरूच्या हातात दिला.  सगळी वाट बहिरूला मरणाची भीती वाटत होती.

साहेबांनी त्याला थेट घरात नेलं. नथू काय नि तो काय, दोघांनीही हा उंबरठा कधी ओलांडला नव्हता. धुराड्याखालची भिंत ठणठणीत कोरडी होती. बहिरूने तिच्यावरून तळहात फिरवला आणि त्याला रडू आलं.

हेच दाखवायला बोलावलं, असं म्हणत साहेबांनी त्याची पाठ थोपटली. काय हवं ते माग म्हणाले. त्याने एकच मागितलं. लेकरं शेकतात ती जागा एकदा बघू द्यावी, म्हणजे वैनीला सांगता येईल.

साहेबांना आधी काही कळेचना. मग ते हसले.

"अरे, इथं जाळ कुठला? ते नुसतं भिंतीवर उभं केलंय. रस्त्यावरून बंगला साहेबी दिसतो."