उष्टावणाचं ताट

उष्टावण झालं, तोंडाची खीर पुसली आणि निहारसमोर ताट मांडलं. त्यात पेन, पुस्तक, मूठभर माती, खेळण्यातली बस, आणि विद्यापीठातून आलेल्या दळवीबाईंनी ठेवलेली एक छोटी पितळी नळी होती, जमिनीखालचं पाणी ऐकायची. मूल ज्याला हात लावेल ते त्याचं पुढचं काम, हा जुनाच रिवाज. पण निहारची जागा विद्यापीठाने तो पोटात असतानाच ठरवली होती. बावीस वर्षांनी राज्याला चौदा हजार भूजलतज्ज्ञ लागणार होते.

त्याची आई शाल्मली मात्र निर्धास्त होती. बाळाला त्याच कामाची ओढ लागावी म्हणून विद्यापीठाने रोज पाजायला दिलेले थेंब तिने आठ महिने गुपचूप मोरीत ओतले होते. पोराला आपल्या मनाने काय ते निवडू दे.

निहार रांगत निघाला. त्याने पेन ओलांडलं, बस बाजूला ढकलली आणि नळी घट्ट धरली.

"अगंबाई, कसं बरोब्बर उचललं!" सासूबाई म्हणाल्या.

शाल्मलीची नजर मोरीकडे गेली.

दळवीबाई तिच्या कानाशी वाकल्या. "थेंब ओतून टाकलेत ना? सगळ्याच आया ओततात हो. ते नुसतं साखरपाणी असतं. आपण काहीतरी केलं, एवढं समाधान आईला मिळावं म्हणून देतो."

"मग याला खरं औषध कधी...?"

"तुमच्या स्वतःच्या पदवीदानाला विद्यापीठाचा पेढा खाल्ला होतात ना तुम्ही?"

निहारने नळी फरशीला लावून दुसऱ्या टोकाला कान टेकवला. शाल्मलीने त्याला हाक मारली. त्याने वर पाहिलं नाही. इवलासा हात उचलून त्याने तिला गप्प राहायला खुणावलं.