संदर्भसूचीतले नाव

सत्काराची शाल अजून खांद्यावरच होती. कोणाच्या निबंधांचा इतरांनी किती वेळा हवाला दिला, हे मोजून केलेल्या देशातल्या अग्रगण्य अभियांत्रिकी संशोधकांच्या यादीत प्राध्यापक खांबेट्यांचा क्रमांक एकतिसावा लागला होता. आपल्या निबंधांचा एवढ्या वेळा हवाला दिला तरी कोणी, हे पाहायला ते संगणकापुढे बसले.

एकच नाव पुन्हा पुन्हा समोर येत होते: नागपूरचे वझलवार. काळ्या मातीत इमारतीचा पाया किती खचतो, या एका प्रश्नावर त्या गृहस्थाने वीस वर्षे खांबेट्यांना खोडून काढले होते. मोजणीला विरोध आणि समर्थन यांतला भेद कळत नाही. प्रत्येक खंडनाने खांबेटे वरच चढले होते. त्यांनी मात्र उत्तरे दिली ती वझलवारांचे नाव टाळून. त्याचा आकडा आपल्या हातून वाढू नये, एवढाच हट्ट.

आभार मानावेत की पुन्हा वाद घालावा, हे न ठरवताच त्यांनी फोन लावला.

"मी खांबेटे. वझलवारांना द्या. भांडायचंय म्हणावं."

"बाबा श्रावणात गेले, सर," त्यांची मुलगी म्हणाली. "तुमचा निबंध आला की आधी शेवटची संदर्भसूची उघडायचे. म्हणायचे, 'बघू, म्हाताऱ्यानं या खेपेला तरी माझं नाव घातलंय का!'"

खांबेट्यांनी टेबलावरच्या नव्या निबंधाच्या संदर्भसूचीत वझलवारांचे नाव लिहिले. मग निबंध पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. त्यातली चूक आता त्यांनाच शोधायची होती.