टोकाची खोली

युकलानच्या नातीला महिना पुरा झाला आणि शेजारीपाजारी लाल अंडी वाटली, ते चिनी पंचांगातलं घोड्याचं वर्ष होतं. त्याच वर्षी, चंद्राच्या सणानंतर तिसऱ्या दिवशी, भरदुपारी ती आणि तिची शेजारीण पुइयी मकावच्या धक्क्यावर बोटीतून उतरल्या. समोर बड्या हॉटेलांच्या फुकट बसगाड्या रांगेने उभ्या होत्या.

"त्या सोनेरी गाडीत चढ," युकलान म्हणाली. "खोलीत टब आहे, खाली कारंजी नाचतात. आणि सकाळी खेकड्याची पेज, हवी तेवढी."

पुइयीने गाडीकडे पाहिलंही नाही. "मला जुन्या बंदरावरच्या हॉटेलात राहायचंय."

"त्या खुराड्यात? अगं, तिथले गालिचे माझ्या लग्नाआधीचे आहेत!"

"असू देत. तिथंच."

युकलानला राग आला. नवरा होता तोवर ती या गावी तीसेक वेळा येऊन गेली होती. नवरा जुगाराच्या टेबलावर, ती खोलीत. हॉटेलच्या खोल्यांतलं तिला जेवढं कळत होतं, तेवढं त्यांच्या अख्ख्या इमारतीत कुणाला कळत नव्हतं. आणि पुइयी! जन्म हाँगकाँगात काढला, पण तासाभरावरचं मकाव पाहिलं नाही. चार वर्षांपूर्वी ती त्यांच्या मजल्यावर राहायला आली, ती एकटीच. कुणाकडे जाणं नाही, कुणाचं येणं नाही. पण परवा लाल अंडं हातात घेऊन दारातच बराच वेळ उभी राहिली आणि आपणहून म्हणाली, "युकलान, मला एकदा मकावला नेशील?"

शेवटी दोघी गावातल्या साध्या बसने निघाल्या. वाटेत युकलानचं सुरू झालं.

"नीट ऐकून ठेव. पॅसेजच्या टोकाची खोली कधी घ्यायची नाही. मेल्यावर ज्यांना कुठं जागा मिळत नाही ते टोकाला जाऊन राहतात. आणि दार उघडण्याआधी तीनदा ठोठवायचं, मग बाजूला सरायचं. आत कुणी असेल तर बिचाऱ्याला निघून जायला वाट मिळते. आमचा म्हातारा एकदा विसरला, तर रात्रभर कुणीतरी त्याचे पाय ओढत होतं."

"तूच असशील."

युकलान खो खो हसली. पुइयीच्या मांडीवर पत्र्याचा डबा होता. युकलानने झाकण उचलून पाहिलं. आत सणाचा एकच गोड मूनकेक.

"सण कधीच झाला, आता शिळा होईल. काढ, अर्धा अर्धा खाऊ."

"तो नको," पुइयी म्हणाली आणि झाकण दाबून बसवलं.

हॉटेलच्या काउंटरवर पन्नाशीचा एक माणूस होता. त्याने काही विचारायच्या आतच पुइयी म्हणाली, "अकराव्या मजल्यावरची चौदा नंबरची खोली."

युकलानने वळून पाहिलं. "अस्सं! आणि म्हणे मकाव पाहिलं नाही. कोण होता गं तो?"

पुइयीने डबा दुसऱ्या हातात घेतला.

"चौदा नंबर आता नाही, आजी," माणूस म्हणाला. "त्याला आम्ही सोळा म्हणतो. नंबर बदलून सहा वर्षं झाली."

"बरं केलंत," युकलान मध्येच बोलली. "चौदा म्हणजे त्यात चार आला. आपल्या बोलीत चार म्हणताना मरण म्हटल्यासारखं वाटतं."

"दार तेच आहे ना?" पुइयीने विचारलं.

माणसाच्या हातातलं पेन थांबलं. "दार तेच. पण टोकाची खोली आहे. तुमच्या वयाची माणसं ती घेत नाहीत. वरच्या मजल्यावर समुद्राकडची देतो, याच भाड्यात."

"देतोय तर घे ना!" युकलानने कोपर मारलं.

"तिच्या खिडकीतून पूल दिसतो ना?" पुइयी त्यालाच विचारत होती. "आणि समोरच्या गच्चीवर कबुतरांची खुराडी?"

"पूल दिसतो. कबुतरं आता नाहीत."

"मग तीच द्या."

माणसाने तिच्याकडे पाहिलं. मग उभा राहिला आणि किल्ली दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली.

अकराव्या मजल्यावरचा पॅसेज लांब होता. युकलान पुटपुटत चालली होती. गालिचा विटलेला, भिंती विटलेल्या. टोकाच्या दारावरची नंबराची पाटी तेवढी बाकीच्यांपेक्षा नवी होती. सवयीने युकलान पुढे झाली आणि ठोठवायला तिने मूठ उचलली.

पुइयीने तिचं मनगट पकडलं. एवढीशी बाई, पण पकड सुटेना.

"ठोठावू नकोस," ती म्हणाली. "तो निघून जाईल."

युकलानचा हात वरच राहिला. पुइयीने चपला काढल्या. दार वीतभरच उघडलं, अंग चोरून ती आत शिरली आणि लगेच लावून घेतलं. आत डब्याचं झाकण वाजलं. मग तिचा आवाज आला, अगदी रोजच्यासारखा.

"पूल दिसतोय रे. तू फोनवर सांगितलास तसाच. कबुतरं तेवढी गेली."

युकलान पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभी राहिली.

पुइयीचा एकुलता एक मुलगा मानलोक, वय सव्वीस, सहा वर्षांपूर्वी, उंदराच्या वर्षी, चंद्राच्या सणानंतर तिसऱ्या दिवशी पहाटे, या खोलीत झोपेतच वारला.