दीपगृहाची किल्ली

"दार उघडत नाहीये, बाबा," ती म्हणाली. "किल्ली कुठे असते, आठवतंय?"

बाबांनी तो हातात मावणारा गेम डोळ्यांपासून लांब धरला. इवल्याशा पडद्यावर बेट होतं, बेटावर दीपगृह आणि पायथ्याशी ते बंद हिरवं दार. पंचवीस वर्षांपूर्वी याच दारापाशी बापलेकींनी अख्खी सुट्टी घालवली होती. तेव्हा घरात एक जाडजूड कॉम्प्युटर होता आणि खुर्ची एकच, म्हणून ती त्यांच्या मांडीवर. आता तोच खेळ नवं रूप घेऊन आला होता. पंधरवड्यापूर्वी तिने तो बाबांना आणून दिला. "सहज दिसला," म्हणाली. सहज काही नव्हतं.

सोमवारपासून ती पुन्हा पूर्णवेळ कामावर जाणार होती. तिच्या पाच वर्षांच्या लेकीला, चिमीला सुट्टी होती, ती दिवसभर आजोबांजवळ राहणार असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे तिने ठरवलं होतं. महिन्यापूर्वी बाबांनी चहा ठेवला आणि पेपर वाचत बसले. भांड्याचा कोळसा झाला. तेव्हापासून नवरा पाळणाघराचं घोडं पुढे दामटत होता.

"एकदा झालं," ती म्हणायची. "तुझ्या हातून कधी दूध उतू गेलं नाही?"

"गेलं की. पण 'चहा कुणी ठेवला' असं मी विचारलं नव्हतं."

डॉक्टरांचं नाव काढलं की बाबा उखडायचे. "मला काय म्हातारचळ लागलाय?" म्हणून हा खेळ. खेळात कुणाचा अपमान होत नाही.

"घाई करू नकोस गं, बाळ," बाबा आता म्हणाले. हल्ली ते दोघींनाही बाळच म्हणत. चिमी त्यांच्या गळ्यात पडली होती, गालाला गाल लावून. ती काहीतरी पुटपुटली, ते हसले. मग त्यांचा अंगठा सफाईने फिरला. पडद्यावरचा नाविक जिना चढून गेला आणि त्याने एका बंद पडलेल्या घड्याळाची काच उघडली. आत किल्ली!

"घड्याळात? मला वाटलं विहिरीच्या बादलीत."

"बादलीत पाणी असतं, बाळ," बाबा खुशीत म्हणाले. चिमी खिदळली.

तीही हसली. बाळंतपणानंतर आपल्याच डोक्याची चाळण झालीय, हे ती ऑफिसात सगळ्यांना सांगत असे. दुर्बीण तिला तळघरात आठवत होती, बाबांनी ती होडीतून काढली. नकाशाचंही तेच. दर वेळी ती चूक, ते बरोबर.

नवरा दारात उभा राहून बघत होता. शेवटी म्हणाला, "मानलं, बाबा."

तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. आता बोल.

तशी धाकधूक तिलाही होतीच. गेला आठवडाभर ती अर्धा दिवस कामावर जाऊन येत होती आणि परतताना जिन्यातच नाक वर करून वास घेत होती. कधी कसला वास आला नाही. घरात खिडक्या सताड उघड्या, शेगडी गार, ओट्याला लावून ठेवलेलं स्टूल. फार वेळ उभं राहवत नसेल, बसून करत असतील चहा, असं तिला वाटलं. आपला बाप आपल्यासाठी एवढी काळजी घेतोय म्हणून तिला भरून आलं होतं.

शनिवारी तिने पाळणाघराला फोन करून चिमीचं नाव काढून घेतलं.

रविवारी दुपारी बाबा आतल्या खोलीत झोपले होते. कपड्यांच्या घड्या घालून झाल्यावर तिने तो गेम उचलला. सुरुवातीलाच दोन पर्याय होते, नवा खेळ आणि जुना खेळ. तिने जुना, लहानपणीचा निवडला आणि थेट विहिरीपाशी गेली.

किल्ली बादलीत होती.

ती बघत राहिली. म्हणजे तिला बरोबर आठवत होतं. मग तिने नवा खेळ लावला. तेच बेट, तीच विहीर, पण बादली रिकामी. नव्या खेळात सगळ्या वस्तूंच्या जागा बदलल्या होत्या. घड्याळातली किल्ली बाबांना पंचवीस वर्षांपूर्वीची आठवणं शक्यच नव्हतं.

पंधरवड्यात शिकले असतील, तिने स्वतःची समजूत घातली. म्हणजे उलट चांगलंच की.

"अगं आई, बादलीत काय बघतेस?" चिमी तिच्या खांद्यावरून डोकावली. "तू पण ना, अगदी आजोबांसारखी!"

"म्हणजे गं?"

"ते रोज बादलीतच बघतात. मग मी कानात सांगते, घड्याळात."

"रोज?"

"रोज. आमचं गुपित आहे. तू असलीस की हळू सांगायचं."

तिने गेम खाली ठेवला. आवाज चढू दिला नाही. "आणखी काय काय सांगतेस आजोबांना?"

"चष्मा कुठाय ते. जेवण झालंय ते. आजी देवाघरी गेली, हे मी आधी सांगायची, पण ते रडतात. आता मी म्हणते, बाजारात गेलीय."

आत बाबांनी कूस बदलली. पलंग करकरला.

"आणि चिमी... गॅस बंद करायचा, हे पण तूच सांगतेस का त्यांना?"

"छे! ते सांगून होतंय थोडंच? तो मीच बंद करते, स्टूलवर चढून. आणि तू यायच्या आत वास जावा म्हणून सगळ्या खिडक्या उघडते."