सतरा नंबरचा पाना

फिटरने फेकलेला पाना बायकोच्या नडगीवर बसला. ती कळवळून खाली बसली, पण हातातला टॉर्च तिने सोडला नाही. उजेड हलला की तो आणखी पिसाळतो, हे वीस वर्षांत तिला पाठ झालं होतं.

"सरळ धर!" मोटरसायकलखाली पडल्यापडल्या तो खेकसला. "आंधळी आहेस का?"

खाली पसरलेल्या पुठ्ठ्यावर इंजिन ऑइलचा आणखी एक थेंब पडला.

साडेतीन वाजले होते. पाच वाजता शेजारच्या गावातून लांबच्या शहराची बस सुटणार होती आणि त्या बसमध्ये त्याची मुलगी बसणार होती, तिने स्वतः निवडलेल्या नवऱ्याबरोबर. सकाळी ती चिठ्ठी ठेवून गेली होती. कुणा आगलाव्याने फोन करून बसची वेळही कळवली. तेव्हापासून तो गाडीला लोखंडी गज बांधून तयार होता. "दोघांचे पाय मोडतो, मग बघू कसे पळतात," असं फिटरने तीनदा सांगितलं होतं. तो बोलला की करतो. बायकोचा डावा हात अजून कोपरातून सरळ होत नव्हता.

एक वाजता गाडी काढायला गेला तर खाली तेलाचं थारोळं. दुसऱ्या कुणाची गाडी मिळायचा प्रश्नच नव्हता. गल्लीत कुणी त्याला सायकलचा पंपसुद्धा देत नसे, एवढी त्याची ख्याती.

मग त्याने इंजिन रॉकेलने पुसलं. क्लचचं झाकण उघडून पॅकिंग बदललं. तिथे काहीच बिघडलेलं नव्हतं. फुकट दोन तास गेले. इंजिनच्या तळाशी तेल सोडायचा जो बोल्ट असतो, त्याच्याकडे मात्र त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. तो बोल्ट त्याने स्वतः आवळला होता, सतरा नंबरच्या पान्याला पाइप लावून, कर्र आवाज येईपर्यंत. आपण आवळलेलं कधी सैल होत नाही, ही त्याची कारखान्यात शेखी होती आणि घरातही.

शेवटी नाइलाजाने त्याने बोल्टला हात लावला. बोल्ट नुसत्या बोटांनी फिरला.

तो गाडीखालून बाहेर आला. आवाज एकदम खाली गेला होता, आणि तेच वाईट होतं.

"हे तेल मागच्या चाकावर उडालं असतं. पहिल्याच वळणाला मेलो असतो मी. कुणी केलं?"

त्याने बायकोचे केस धरले आणि डोकं भिंतीवर आपटलं. मग पुन्हा आपटलं. टॉर्च पडून फुटला. कपाळावरचं रक्त तिच्या डोळ्यात उतरलं. त्याने पाना उचलला.

"तिला सोड. मी केलंय ते."

दारात त्याची आई उभी होती. सत्तरीची, काटकुळी बाई. मुलाच्या घरात ती आल्यागेल्याशीही फारशी बोलत नसे.

फिटर हसला. "तू? पाना कुठून धरतात, ते तरी माहीत आहे का तुला?"

"सतरा नंबरचा पाना, वर पाइप. तुझा बाप गाडी दुरुस्त करायचा तेव्हा दिवा मीच धरायचे." म्हातारी हळूच उंबऱ्यावर बसली. "त्याच्या गाडीचा बोल्टही मीच सैल केला होता. तुझ्यासारखी वाकून बघायची सवय नव्हती त्याला. तसाच किक मारून गेला."

पाना हवेतच थांबला. बाप गेला तेव्हा फिटर नऊ वर्षांचा होता. पुलाच्या वळणावर गाडी घसरली होती. दारू नडली, असं सगळे म्हणाले होते.

पाना टाकून तो आईवर धावून गेला. दोन्ही हातांनी त्याने तिचा गळा धरला. म्हातारीचा चेहरा लाल झाला, पण तिने हात वर केले नाहीत.

"दाब," ती कशीबशी म्हणाली. "मग आणखी काय काय सैल केलंय, ते कोण सांगणार तुला?"

त्याची बोटं आपोआप सुटली. त्याने मान वळवून गाडीकडे पाहिलं. ब्रेक, चाकांचे नट, चेन, हँडल. आयुष्यात पहिल्यांदा त्याला त्या गाडीची भीती वाटली.

"काय केलंयस? सांग ना!"

"शोध की. फिटर आहेस."

चार वाजता तो पुढच्या चाकाशी बसला होता. पाचला मागच्या. सगळे नट घट्ट होते, म्हणूनच त्याचा विश्वास बसेना. सव्वापाचला त्याने पुन्हा पुढच्या चाकापासून सुरुवात केली.

स्वयंपाकघरात म्हातारी सुनेच्या कपाळावरचं रक्त पुसत होती. सुनेने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि तिला रडू फुटलं. पोर सुटली होती.

"आई," ती कुजबुजली, "बोल्ट मी सैल केला होता."

"सकाळीच बघितलं मी. पाइप जागेवर ठेवायला विसरलीस. तो मी ठेवला."

"माझ्यासाठी केवढं खोटं बोललात! मामंजींबद्दलसुद्धा. ऐकून माझ्याच अंगावर काटा आला."

म्हातारीने फडकं पाण्यात बुचकळलं, पिळलं आणि पुन्हा तिच्या कपाळावर दाबून धरलं.

"खोटं फक्त आजच्या बोल्टचं बोलले."